वहीतला साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही: तूट कुठे शोधायची

मे महिन्याचा शेवटचा दिवस. वहीत काजू बी २,००० किलो, काट्यावर १,८३८. १६२ किलो कमी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान काजू कारखान्याच्या मागच्या पडवीत मी, मालकीण काकी आणि पोती उचलणारी दोन मुलं अशी आम्ही चौघं उभी होतो. काकींची नजर सारखी त्यातल्या एकाकडे जात होती. तो महिन्यापूर्वीच कामाला लागला होता आणि संध्याकाळी गोदामाची किल्ली त्याच्याकडे असायची. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाय, उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगते."

मी म्हटलं, "काकी, मला तीन दिवस द्या. तोवर कुणाला काही बोलू नका."

मी साखळीत राहते आणि डिचोली, सत्तरी, फोंडा या भागातल्या लहान कारखान्यांचे हिशेब लिहिते. काजू, आमसुलं, मसाले, एक-दोन बेकऱ्या. धंदा कुठलाही असो, एक तक्रार ठरलेली: साठा जुळत नाही. मार्चमध्ये कसाबसा जुळवून घेतात, एप्रिल संपेपर्यंत पुन्हा फरक. मग कामगारांवर संशय, नवरा-बायकोत भांडण, अकाउंटंट बदलणं. मूळ कारण मात्र तिथेच राहतं, म्हणून तूट परत येते. काकींच्या कारखान्यात आम्ही ती कशी शोधली ते इथे सविस्तर लिहिते, कारण हाच क्रम बाकीच्या ठिकाणीही मला उपयोगी पडला आहे.

आधी एक चूक टाळा

टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'फिजिकल स्टॉक' नावाचं व्हाउचर आहे. प्रत्यक्ष मोजलेला आकडा त्यात टाकला की वहीतला साठा तेवढा होतो आणि फरक एका क्षणात नाहीसा होतो. सुरुवातीची दोन वर्षं मी हेच करत होते. मोजणी झाली, व्हाउचर टाकलं, ताळेबंद सीएकडे पाठवला. फरक का पडला हे मी विचारलंच नाही, आणि त्या दोन वर्षांत दोन कारखान्यांचा विक्रीभाव चुकीच्या खर्चावर ठरत राहिला. याची मला आजही खंत आहे. कारण सापडेपर्यंत हे व्हाउचर टाकू नका. फरक कागदावर उघडा दिसू द्या.

जीएसटीतही हे अंगाशी येऊ शकतं. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. प्रक्रियेत होणारी नेहमीची घट वेगळी, ती उत्पादनखर्चात धरली जाते. पण तुम्हीच १६२ किलो 'साठा तूट' म्हणून खर्ची टाकलेत तर उद्या विचारणा झाल्यावर ती वाळवणीची घट होती हे दाखवायला हातात काय राहणार?

तुटीचा आकार बघा

शोध सुरू करण्याआधी फरकाचा कागद समोर ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा. आकडे पुष्कळ सांगतात.

सगळ्याच मालात जवळजवळ सारख्या टक्क्याने तूट असेल तर ओलावा किंवा काटा तपासा. एकाच प्रतीत तूट आणि शेजारच्या प्रतीत तेवढीच वाढ असेल, म्हणजे ३२० नंबरचा काजूगर (पौंडात साधारण तेवढे गर बसतात ती प्रत, नंबर लहान तितका गर मोठा) पाच किलो कमी आणि पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, पाच किलो जास्त, तर माल कुठेही गेलेला नाही, नोंद चुकीच्या खात्यात पडली आहे. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत का ते आधी बघा. ५४ च्या जागी ४५ लिहिलं की ९ चा फरक, ३१० च्या जागी १३० लिहिलं की १८० चा. फरकाच्या निम्म्या आकड्याची एखादी नोंद सापडली तर ती आवकेऐवजी जावकेत गेली असण्याची शक्यता मोठी.

टॅलीत एखाद्या मालाचा साठा मधल्या तारखेला वजा दिसत असेल तर तेवढं एक धरून ठेवा. वजा साठा प्रत्यक्षात असूच शकत नाही. म्हणजे विक्रीचं बिल आधी निघालं आणि उत्पादनाची किंवा खरेदीची नोंद नंतर झाली, किंवा झालीच नाही. दर महिन्याचं शेवटचं पान बघण्यापेक्षा महिन्यातल्या प्रत्येक दिवसाची शिल्लक बघितली तर अशी जागा लगेच सापडते.

आणि चोरी? ती होतच नाही असं मी म्हणत नाही. पण चोरीचा आकार वेगळा असतो. ती महागड्या आणि खिशात-पिशवीत मावणाऱ्या मालात होते, १८० किंवा २४० नंबरच्या काजूगरात. टरफलासकट काजू बी १६२ किलो, म्हणजे दोन भरलेली पोती, गावातल्या रस्त्यावरून कुणाच्याही नजरेस न पडता जाणं कठीण.

२,००० चे १,८३८ कसे झाले

आता काकींच्या पडवीत परत येते. भट्टी अजून लागली नव्हती. मार्च ते मे हा बियांचा हंगाम, या तीन महिन्यांत वर्षभराची खरेदी करून ठेवावी लागते. खरेदी २५ पोती, प्रत्येकी ८० किलो, असे २,००० किलो. भाव सोयीसाठी किलोला १२० रुपये धरू, म्हणजे २,४०,००० रुपये.

पहिल्या दिवशी मी रिकामी पोती काट्यावर ठेवली. एकेक पाऊण किलोच्या आसपास भरलं. २५ पोत्यांचे जवळजवळ १९ किलो. पावत्यांवर वजन लिहिलं होतं ते पोत्यासकट, आणि मोजणीच्या वेळी आम्ही बी ओतून मोजली होती. १९ किलो इथे सापडले. हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही.

दुसरा दिवस वाळवणीचा. झाडाखालून गोळा केलेली ताजी बी ओली असते. अंगणात दोन-तीन दिवस उन्हात पसरून ती साधारण ८ टक्के ओलाव्यावर आणली की गोदामात टिकते. काकींनी पोती वाळवूनच आत रचली होती, पण वहीत वजन होतं ओल्या बीचं. ओलावा १४ टक्क्यांवरून ८ वर आला असं धरलं तर हिशेब असा होतो: १,९८१ किलोत कोरडा भाग ८६ टक्के, म्हणजे १,७०४ किलो. हा कोरडा भाग वाळल्यानंतरही तेवढाच राहतो, फक्त आता तो एकूण वजनाच्या ९२ टक्के असतो. १,७०४ ला ०.९२ ने भागलं की १,८५२ किलो. १२९ किलो पाणी उन्हात उडून गेलं.

काकी म्हणाल्या, "पण १४ टक्केच होतं कशावरून?" प्रश्न अगदी बरोबर होता. ओलावा मोजायचा मीटर त्यांच्याकडे नव्हता. मग आम्ही त्या आठवड्यात आलेल्या ताज्या बीतून बरोबर १० किलो वेगळी काढली, पोत्याला लाल दोरी बांधली आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात बाकीच्यांबरोबरच वाळवली. तीन दिवसांनी ९ किलो ३४० ग्रॅम भरली. दहा किलोमागे ६६० ग्रॅम घट. आमच्या हिशेबात ती साडेसहा टक्के होती, म्हणजे अंदाज जमला. हे लाल दोरीचं पोतं आता त्यांच्याकडे प्रत्येक खेपेला निघतं. मीटर घेतलात तर उत्तमच, पण हे पोतं कुणालाही परवडतं.

उरले १४ किलो. तिसऱ्या दिवशी मी काही शोधलं नाही, ज्याच्यावर संशय होता त्या मुलालाच विचारलं की पोतं उघडल्यापासून रचेपर्यंत काय काय करतोस. त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. खडे, सुकलेल्या काजूबोंडाचे तुकडे आणि पोकळ बिया. बी बादलीभर पाण्यात टाकून जी तरंगते ती पोकळ, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि तो प्रत्येक पोत्यातली मूठभर बी तशी तपासून वाईट माल बाजूला काढत होता. ढीग मोजला. तेरा किलो आठशे ग्रॅम.

१९, १२९ आणि १४. एकूण १६२.

काकी काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्या मुलाला चहा घे म्हणाल्या.

त्या १६२ किलोंनी भाव कसा चुकवला

ही तूट चोरी नव्हती, पण म्हणून ती सोडून देण्यासारखी नव्हती. २,४०,००० रुपये खर्च करून हातात आली १,८३८ किलो बी. म्हणजे खरा भाव किलोला १२० नाही, १३० रुपये ५८ पैसे. एक किलो काजूगर काढायला साधारण चार किलो सुकी बी लागते. म्हणजे प्रत्येक किलो काजूगरामागे ४२ रुपयांचा खर्च काकींच्या भावात धरलाच नव्हता. त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या, "कागदावर नफा दिसतो, बँकेत पैसे दिसत नाहीत." त्यातला एक मोठा हिस्सा हा होता.

म्हणून नेहमीची घट खर्ची टाकायची नाही, मालाच्या किमतीत चढवायची. टॅलीत त्यासाठी उत्पादनाच्या जर्नलमध्ये 'ओली बी' आणि 'सुकी बी' असे दोन वेगळे माल करा. १,९८१ किलो ओली आत, १,८३८ किलो सुकी बाहेर, रक्कम तीच. भाव आपोआप वाढतो. असाधारण घट, म्हणजे पावसात भिजून कुजलेलं पोतं, ती मात्र वेगळी दाखवून नफ्यातोट्याला न्यायची. हे दोन एकत्र केलेत की पुढच्या वर्षी तुलना करायला काहीच उरत नाही.

दर्जाही इथेच तपासायचा. खरेदीच्या वेळी एक किलो नमुना घ्या, बिया मोजा, फोडा, चांगला गर वजन करा. २७५ ग्रॅम भरला तर ८० किलोच्या पोत्यातून २२ किलो गर अपेक्षित. व्यापारी हाच आकडा पौंडात सांगतात, ४८ किंवा ४८.५. ज्या पुरवठादाराच्या पोत्यांतून सतत २० किलोच निघतो त्याला तोच भाव देणं म्हणजे ती तूट पैसे देऊन विकत घेणं. आमसुलं, मिरची, सुकी मासळी यांत वाळवणीची घट याहून कितीतरी मोठी असते, पद्धत हीच.

शेतकऱ्यांकडून येणारा सुटा माल

याचं उलट चित्र दुसऱ्या एका ठिकाणी दिसलं. तिथे बी २४ किलो जास्त भरली आणि गल्ल्यात २,८८० रुपये कमी. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी केल्या होत्या. १२० ने भागून बघा: २,८८० भागिले १२० म्हणजे २४. संध्याकाळी कुणी स्कूटरवरून दहा-बारा किलो बी घेऊन येतो, गल्ल्यातून रोख दिली जाते, पावती लिहायची राहते. रोख आणि साठा या दोन तपासण्या एकाच दिवशी एकाच माणसाने केल्या तर हे पाच मिनिटांत सुटतं.

ही पावती चुकवून चालत नाही याला आणखी एक कारण आहे. शेतकऱ्याकडून टरफलासकट काजू घेतला तर २०१७ पासून त्यावरचा जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदारानेच रिव्हर्स चार्जने भरायचा आहे, तोही जमा क्रेडिट न वापरता थेट पैशाने. क्रेडिट नंतर मिळतं, पण कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर तेही नाही. नोंदच नसेल तर कर थकतो आणि पुढे व्याजासकट भरावा लागतो.

पाकिटात जास्त जाणारा काजू

पॅकिंगच्या टेबलावर मी एकदा अर्धा दिवस बसले. २५० ग्रॅमची पाकिटं. भरणाऱ्या बायका मनाने मोठ्या, शेवटचे चार-पाच गर टाकूनच पाकीट बंद करायच्या. वीस पाकिटं उचलून वजन केलं, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा केलं, सरासरी २५६ ग्रॅम. महिन्याला १,२०० पाकिटं म्हणजे ७ किलो २०० ग्रॅम. किलोचा भाव ९०० धरला तर ६,४८० रुपये दर महिन्याला फुकट.

पण घाबरून उलट्या टोकाला जाऊ नका. दुसऱ्या एका कारखान्यात काट्यावर पाकिटाचं वजन वजा करायचं बटण दाबलंच जात नव्हतं, त्यामुळे सात ग्रॅमची पिशवीही काजू म्हणून मोजली जात होती आणि माल २४३ ग्रॅम जात होता. कायद्याने २०० ते ३०० ग्रॅमच्या पाकिटात एखाद्या पाकिटामागे ९ ग्रॅमपर्यंत फरक चालतो, पण सगळ्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे २४३ चं एकेक पाकीट सुटलं असतं, सगळा लॉट अडकला असता. मी २५२ चं लक्ष्य ठेवायला सांगते. दर तासाला पाच पाकिटांचं वजन, टेबलावरच्या पाटीवर.

आणखी एक छोटी गोष्ट: कारखान्याने नवीन २०० ग्रॅमचं पाकीट काढलं आणि टॅलीत ते जुन्या २५० च्याच नावावर चढलं. शंभर पाकिटांमागे पाच किलोचा फरक. नवीन पाकीट, नवीन माल. त्यात कंटाळा नको.

गोदामातही नाही, विक्रीतही नाही

गोव्यात हा प्रकार फार आहे. म्हापशाच्या बाजारातला दुकानदार किंवा किनारपट्टीवरचा कुणी म्हणतो, माल ठेवून जा, खपला की पैसे देतो. डब्यातून तीस पाकिटं जातात, बिल होत नाही कारण विक्री झालेली नाही. महिनाअखेरीस मोजणीत ती तीस पाकिटं कमी. असा माल डिलिव्हरी चलनावरच (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) जायला हवा, आणि टॅलीत त्या दुकानाच्या नावाने वेगळं गोदाम उघडायला हवं, म्हणजे साठा तुमचाच राहतो, फक्त जागा बदलते. मुदतही लक्षात ठेवा: पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल माल गेल्यापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांत व्हावं लागतं, तोवर विकला असो वा नसो. ऑक्टोबरमध्ये पर्यटकांच्या हंगामाच्या सुरुवातीला ठेवलेला माल एप्रिलमध्ये त्याच फळीवर धूळ खात पडलेला मी पाहिला आहे. परत आणा, नाहीतर बिल करा.

परत आलेला माल हा त्याचाच भाऊ. परत आलेली पाकिटं चांगल्या मालाच्या फळीवर जाता कामा नयेत आणि क्रेडिट नोटशिवाय आत येता कामा नयेत. वेगळी फळी, वेगळा रंग.

पावसाळ्यात साठा वाढला तर खुश होऊ नका

मला सर्वात जास्त काळजी या भागाची वाटते, कारण इथे सगळे निर्धास्त असतात. जुलैच्या मोजणीत काकींकडे काजूगर वहीत ३०० किलो आणि काट्यावर ३०६ भरला. काकींना वाटलं मेमधली तूट देवाने भरून काढली. मी मात्र त्या रात्री नीट झोपले नाही.

सोललेला काजूगर सुमारे तीन टक्के ओलाव्यावर असतो. आपल्याकडच्या जुलैत हवा पाण्याने भरलेली, प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड नुसतं पिळून ठेवलेलं. गर पाणी ओढून घेतो. ३०० किलोत कोरडा भाग २९१ किलो. ओलावा पाच टक्के झाला की २९१ भागिले ०.९५, म्हणजे ३०६. ते सहा किलो पाणी होतं. निर्यातीच्या प्रतीसाठी पाच टक्के ही वरची मर्यादा मानतात, त्यापुढे गर मऊ पडतो, खवट होतो, बुरशी धरतो. ती वाढ म्हणजे माल खराब व्हायला लागल्याची सूचना होती.

आम्ही गर पुन्हा मंद आचेवर सुकवला आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरला. तरी त्याआधी भरून गेलेली काही पाकिटं चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर परत आली. लोक चवथीला खास काजू घेतात, पातोळ्या-नेवऱ्यांच्या घरात मऊ काजू गेला की ते घर पुन्हा आपल्याकडे येत नाही. आणि समजा जुलैत कुणी ते सहा किलो 'साठा वाढ' म्हणून वहीत चढवले असते, तर ऑगस्टमध्ये सुकवल्यावर पुन्हा सहा किलोची 'तूट' दिसली असती आणि पुन्हा कुणावर तरी संशय गेला असता.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकाच डब्याचं वजन करा. त्यातून काही काढू नका, काही घालू नका. वजन वाढत असेल तर खोली, झाकण किंवा पिशवी बदला.

बँकेला दिलेला आकडा

काकींचं कॅश क्रेडिट खातं आहे. दर महिन्याला साठ्याचं विवरण जातं, त्यावर किती रक्कम उचलता येईल ते ठरतं. वहीतला साठा १२ लाख, पुरवठादारांची देणी ३ लाख, राहिले ९ लाख, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केलं की पावणेसात लाख. प्रत्यक्षात साठा १०,२०,००० चा असेल तर हाच हिशेब ५,४०,००० वर येतो. फरक १,३५,००० रुपये. बँकेचा माणूस तपासणीला आला आणि पोती मोजू लागला तर तो १,३५,००० चा खड्डा एका दिवसात भरावा लागतो, आणि तोही नेमका पावसाळ्यात, जेव्हा सगळा पैसा बीमध्ये अडकलेला असतो आणि गिऱ्हाईक नसतं.

किमतीतही हीच चूक होते. तुकडा आणि कणी यांना अख्ख्या गराचाच सरासरी खर्च लावला जातो. समजा तो ६५० रुपये आणि बाजारात तुकडा जातो ५२० ला. ८० किलो तुकड्यावर १०,४०० रुपयांचा नफा फक्त कागदावर. साठ्याची किंमत खर्च किंवा विकून मिळणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती धरायची. हिशेबाचा नियमही हाच आहे. बँकेलाही हाच आकडा द्या. एकदा कमी रक्कम मिळेल, पण पुढच्या महिन्यात ताठ मानेने विवरण भरता येईल.

हातबदलाची वही

शेवटी काकींकडे आम्ही एकच नवीन गोष्ट आणली: दोनशे पानी साधी वही, भिंतीला दोरीने बांधलेली. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की वजन लिहायचं आणि दोघांनी सही करायची. अंगणातून गोदामात, गोदामातून भट्टीत, भट्टीतून फोडणाऱ्यांकडे, फोडण्यातून सोलण्याकडे, तिथून प्रतवारीला, मग पॅकिंगला. वर तारीख, खाली उरलेलं. टॅलीत नोंद नंतर होऊ दे, वजन तिथल्या तिथे लिहिलं गेलं पाहिजे.

महिनाअखेरीची मोजणी काम बंद असताना, सकाळी. त्या दिवशी ट्रकमधून उतरलेला पण बिल न आलेला माल आणि बिल झालेला पण अजून दाराशी उभा असलेला माल, या दोन गोष्टी वेगळ्या कागदावर. ३१ मार्चला या दोन कागदांशिवाय मी मोजणी सुरूच करत नाही.

वही लिहिण्याचं काम त्याच मुलाकडे आहे. अक्षर नीट आहे त्याचं. पहिल्या महिन्यात फरक तीन किलो आला, तोही फक्त प्रतवारीच्या टेबलानंतर आणि सगळ्या प्रतींत सारखाच. काट्यावरचा शिक्का बघितला तर पडताळणीची तारीख उलटून गेली होती. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वजनमाप कायद्याप्रमाणे दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. काटा दुरुस्तीला गेला आहे. तोवर प्रतवारीचं वजन पॅकिंगच्या काट्यावर करायला सांगितलं आहे, आणि वहीत त्या ओळींपुढे लाल पेनने काट्याचा नंबर लिहायला.